नऊ पॉइंट आठ

चौदा हजार दोनशे फुटांवरची खिंड,
आणि माझं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट आठ.

नळीवर लेबल मीच चिकटवलं:
दुधाटे पंचफुला, स्त्री, वय एकावन्न.
सव्वीस वर्षं परभणीच्या दवाखान्यात
लोकांच्या दंडाला रबर बांधत आले,
मूठ आवळा, मूठ सोडा म्हणत आले;
आपली मूठ आपणच आवळायची
तर सुई धरायला तिसरा हात लागतो.
नंदा सिस्टरनं टोचलं. म्हणाली,
"कामून चाललीस गं एवढ्या लांब मरायला?"
मी कापूस दाबून बसले.
हे काही फॉर्मवर विचारलेलं नाही.

फॉर्मवर विचारलंय: दमा? फिट? गुडघे?
पाच किलोमीटर किती मिनिटांत?
डॉक्टर लोहगावकरांनी शिक्का शाईत बुडवला
आणि तसाच हवेत धरला.
वर हवा पातळ असते, म्हणाले,
रक्त दाट पाहिजे.
बारा करून आणा, मग मारतो.

म्हणून सध्या मी रक्त शिजवतेय.
लोखंडी कढईत करडईची भाजी,
हळिवाचे लाडू, वरून अर्धं लिंबू,
आणि जेवणानंतर दोन तास चहा बंद.
खिंडीपेक्षा हेच अवघड.

पाठीवरच्या सॅकमध्ये मालदांडी ज्वारी.
पाच किलोपासून सुरुवात, दर रविवारी एक मापटं वाढ.
लिफ्ट तशीही दिवाळीपासून बंद,
मी दवाखान्याचे चार मजले
पहाटे दहा वेळा चढते, उतरते.
जिन्यात झोपलेले नातेवाईक
झोपेतच पाय आखडून घेतात.
चौथ्या मजल्यावर या आठवड्यात
एक म्हातारा बसलेला असतो, लेकीसाठी.
दर फेरीला विचारतो,
"बाई, रिपोर्ट आला का?"
आणखीन नाही आला बाबा,
एवढं म्हणायला लागतो तेवढा श्वास
सहाव्या फेरीला माझ्याकडं नव्हता.
नुसता हात हलवला.

मे महिना. चव्वेचाळीस.
पार्सलनं पिसांचं जॅकेट आलं.
फॅनखाली घालून बघितलं, चेन गळ्याशी अडकली,
आणि लाइट गेली.

दिगंबर शिंप्यानं जुन्या रेनकोटाचे
पायपट्टे शिवून दिले,
बर्फ बुटात शिरू नये म्हणून.
माप घेताना विचारलं, "कुठवर येतंय ताई बर्फ?"
मला काय ठाऊक.
गुडघ्याच्या खाली अंदाजानं बोट ठेवलं.
त्यानं तिथं खडूची रेघ मारली.

मग गफूरभाईच्या कारखान्यात गेले.
बाहेर रसवंतीवाल्यांची रांग, लग्नांचे टेम्पो.
म्हणलं, बूट तपासायचेत.
तो हसला नाही.
दोन लाद्या जोडून फरशीवर मांडल्या,
हातानं भुसा झाडला. "चढा."
तीन पावलं जायला,
तीन यायला,
आणि मधे ते वळणं.
टाच आधी रोवायची, असं पुस्तिकेत होतं.
दुसऱ्या खेपेला घसरले,
गफूरभाईचा पंजा हातात आला:
पांढरी पडलेली बोटं, तीस वर्षं गार.
"वर इतकंच थंड असतंय का?"
"आल्यावर सांगते."
मागून कुणीतरी ओरडलं,
"ओ बाई, उतरा, ती लादी माझी हाय!"

काल पुन्हा नळी मशीनला लावली.
अकरा पॉइंट चार.
सचखंडचं तिकीट आरएसीत, सोळा दिवसांवर.
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत
समुद्रापासूनची उंची लिहिलेली असते.
एवढी वर्षं त्या पाटीला टेकून
मी फक्त गाड्यांची वाट बघितली.

आज म्हाताऱ्याच्या लेकीचा रिपोर्ट आला.
सगळं ठीक.
कागद घेऊन चार मजले एका दमात चढले,
वर पोचले तर बोलण्यापुरता श्वास
चक्क शिल्लक होता.

तो खाली चहाला गेला होता.